माहितीसंग्रहाची विक्री : मोल कोणाचे, लाभ कोणाला?

जमिनीतून जसे पीक निघते, तसे खात्याच्या रोजच्या कामातून माहितीचेही एक पीक निघत असते. मातीचा नमुना तपासला की एक नोंद होते. पीक कापणी प्रयोग झाला की दुसरी होते. बाजार समितीच्या आवारात माल उतरला की तिसरी होते. पूर्वी अशा नोंदी दप्तरात बांधून कपाटात ठेवल्या जात आणि पुष्कळदा वाळवीच्या स्वाधीन होत. आता त्या संगणकात साठविल्या जातात आणि हव्या तेव्हा क्षणात शोधून काढता येतात. यामुळे कालपर्यंत अडगळ वाटणाऱ्या या संग्रहाला एकाएकी बाजारभाव आला आहे. बियाणे, खते व औषधे विकणाऱ्या कंपन्या, विमा कंपन्या, बँका, शेतमालाचे मोठे व्यापारी आणि सल्ला देणाऱ्या नव्या संस्था या सर्वांनाच तो हवा आहे. तेव्हा एखाद्या संस्थेने स्वतःच्या कामासाठी उभारलेला माहितीसंग्रह पैसे घेऊन इतरांस द्यावा काय, आणि द्यावयाचा तर कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा विचार वेळीच होणे अगत्याचे आहे. एकदा करार झाल्यावर विचार करणे म्हणजे पीक कापल्यावर कुंपण घालण्यासारखे आहे.

संग्रहांचा बाजार कसा उभा राहिला

हा प्रश्न आजचा नाही आणि केवळ आपलाही नाही. शेतीविषयक ज्ञानाचा जुना व नावाजलेला संग्रह इंग्लंडमध्ये उभा राहिला. इ. स. १९१० मध्ये आफ्रिकेतील उपद्रवी कीटकांच्या अभ्यासासाठी तेथे एक समिती नेमण्यात आली. जगभर प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनाचे सारांश काढून ते समितीच्या कामी लावण्याची तिला आवश्यकता वाटली, आणि १९१३ पासून कीटकशास्त्रावरील सारांशांचे नियतकालिक निघू लागले. पुढे मृदा, पशुरोग, पैदास अशा विषयांसाठी स्वतंत्र कार्यालये स्थापन झाली. या सर्वांतून आजची ‘कॅब इंटरनॅशनल’ ही संस्था आकारास आली असून भारतही तिचा सदस्य आहे. तिच्या सारांशांचा संग्रह १९७३ पासून संगणकावर आहे. जगातील ग्रंथालये वर्गणी भरून तो वापरतात आणि त्या उत्पन्नाचा संस्थेच्या कार्यास मोठा आधार आहे.

अमेरिकेत याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. विमाने व क्षेपणास्त्रे बनविणाऱ्या लॉकहीड कंपनीने कागदपत्रांच्या ढिगातून हवा तो संदर्भ शोधण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात विकसित केली होती. तीच १९७२ मध्ये ‘डायलॉग’ या नावाने कंपनीने बाहेरच्या ग्राहकांसाठी खुली केली. घरच्या वापरासाठी खोदलेल्या विहिरीचे पाणी शेजाऱ्यास मोल घेऊन द्यावे, तसाच हा प्रकार होता. त्यातून माहितीविक्रीचा एक नवा व्यवसाय जन्मास आला. उलट संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७० नंतरच्या दशकात ‘ॲग्रिस’ हा शेतीविषयक संदर्भांचा संग्रह सुरू केला, तो विविध राष्ट्रांच्या सहकार्यावर आधारलेला आहे आणि आज कोणासही विनामूल्य पाहता येतो.

यावरून एवढे दिसते की, माहिती विकणे हे मुळातच वाईट नाही आणि ती विनामूल्य देणे हेही अशक्य नाही. सारांश काढण्यास तज्ज्ञ लागतात आणि तज्ज्ञास वेतन द्यावे लागते. मात्र येथे एक फरक ध्यानी धरला पाहिजे. प्रकाशित संशोधनाचे सारांश ही मेहनतीने सिद्ध केलेली वस्तू आहे. शेतकऱ्याच्या शेताची नोंद ही तशी वस्तू नाही. तिच्यातील अर्धे भांडवल शेतकऱ्याचे असते.

एका उपग्रहाची शिकवण

सार्वजनिक पैशातून जमलेली माहिती चढ्या दराने विकल्यास काय होते, याचा सर्वांत बोधप्रद दाखला ‘लँडसॅट’ या अमेरिकी उपग्रहमालिकेचा आहे. पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी आकाशात गेला. पिकाखालील क्षेत्र, जंगले, जलाशय, क्षारपड जमिनी यांची छायाचित्रे नियमाने मिळू लागली. शेतीच्या अभ्यासकांना हे वरदानच होते. पण सरकारने हा खर्च किती काळ सोसावा, असा प्रश्न निघाला आणि १९८४ मध्ये कायदा करून चित्रांच्या विक्रीचे काम खासगी क्षेत्राकडे देण्याचे ठरले. पुढल्याच वर्षी त्यासाठी एका कंपनीशी करार झाला. एका चित्राची किंमत वाढत वाढत ४,४०० डॉलरच्या घरात गेली. परिणामी विद्यापीठांनी व लहान संस्थांनी चित्रे घेणे कमी केले. मोठ्या आशेने योजलेला बाजार उभा राहिला नाही, आणि उपग्रहाचा मुख्य खर्च अखेर सरकारच्याच माथी राहिला.

ही चूक ओळखून १९९२ मध्ये कायदा बदलण्यात आला. १९९९ मध्ये सोडलेल्या सातव्या उपग्रहाची चित्रे ६०० डॉलरला मिळू लागली. तरीही २००१ या सर्वांत चांगल्या वर्षी खपलेली चित्रे सुमारे २५,००० होती. ६०० डॉलरच्या हिशेबाने ही रक्कम फार तर दीड कोटी डॉलर भरते. उपग्रह बांधून सोडण्याच्या खर्चापुढे ती किरकोळच म्हणावयाची. शेवटी २००८ मध्ये संपूर्ण संग्रह विनामूल्य करण्याचा निर्णय झाला. त्यानंतरच्या एका वर्षातच दहा लाखांहून अधिक चित्रे लोकांनी उतरवून घेतली. पुढे त्या देशाच्या भूगर्भीय सर्वेक्षण खात्याने केलेल्या अभ्यासात, २०११ या एका वर्षात देशातील वापरणाऱ्यांना या चित्रांपासून झालेला लाभ सुमारे १८० कोटी डॉलर असल्याचा अंदाज निघाला.

या चित्रांतील एक ठिपका जमिनीवरील तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद तुकडा दाखवितो, म्हणजे आपल्या मापाने सुमारे नऊ गुंठे. एवढ्या बारकाईची माहिती लाख लोकांच्या हाती गेली, तेव्हाच तिचे खरे चीज झाले. भारताच्या २०२३ च्या अंतराळ धोरणातही पाच मीटर व त्याहून ढोबळ तपशिलाची शासकीय उपग्रहचित्रे विनामूल्य खुली ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले गेले आहे. धान्य एकाने खाल्ले की दुसऱ्यास उरत नाही. माहितीचे तसे नाही. ती वाटल्याने घटत नाही. तिच्यावर धान्याप्रमाणे भाव लावला तर तिचा उपयोग मात्र घटतो.

आपल्या देशातील धडा

याउलट टोकाचा अनुभव आपल्याच देशात आला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे वाहन नोंदणीचा ‘वाहन’ व चालक परवान्यांचा ‘सारथी’ असे दोन प्रचंड संग्रह आहेत. मार्च २०१९ मध्ये या संग्रहांतील माहिती एकगठ्ठा देण्याचे धोरण जाहीर झाले. व्यापारी संस्थांसाठी वर्षाला तीन कोटी रुपये आणि संशोधनासाठी शैक्षणिक संस्थांना पाच लाख रुपये असा २०१९-२० या वर्षाचा दर ठरला. माहिती उपलब्ध करून दिल्यापोटी सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचे जुलै २०१९ मध्ये संसदेत सांगण्यात आले. रक्कम लहान नव्हती. परंतु निरनिराळ्या नोंदी एकमेकींशी जुळवून माणूस ओळखता येतो आणि माहितीचा गैरवापर होऊ शकतो, हा आक्षेप बळावत गेला व जून २०२० मध्ये ते धोरण रद्द करावे लागले.

धोरण मागे घेता येते. दिलेली माहिती मागे घेता येत नाही. मळणी झाल्यावर वाऱ्याने उडालेला भुसा पुन्हा गोळा करता येत नाही, तसेच हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला. यास्तव या बाबतीत आता कोणत्याही खात्यास अजाणतेपणाची सबब सांगता येणार नाही.

शेतीच्या नोंदींचे वेगळेपण

आता शेतीकडे वळू. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगढ येथे सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत मातीचे बारा गुणधर्म तपासले जातात. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, तसेच जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन ही सूक्ष्म द्रव्ये येतात, आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब यांचीही नोंद होते. सोबत शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, भ्रमणध्वनी व शेताचे स्थान असते. कोणत्या तालुक्यात जस्ताची कमतरता आहे हे सर्वांना कळले, तर योग्य ते खत त्या तालुक्यात वेळेवर पोहोचेल. यात शेतकऱ्याचे हितच आहे. परंतु अमुक गावच्या अमुक शेतकऱ्याच्या जमिनीत जस्त कमी आहे हे एका विक्रेत्यासच कळले, तर तोच विक्रेता दुसऱ्या दिवशी दाराशी उभा राहील आणि जस्ताबरोबर नको असलेल्या चार पुड्याही गळ्यात बांधील. नोंद एकच, नावासह गेली की तिचे रूप पालटते.

दुसरे उदाहरण कीड सर्वेक्षणाचे. २००८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. निरीक्षक ठरलेल्या शेतांत जाऊन किडींची संख्या मोजतात, नोंदी संगणकावर चढतात आणि किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की विद्यापीठाच्या तज्ज्ञांचा सल्ला गावोगाव पोहोचतो. या माहितीचे आयुष्य दूध-भाजीप्रमाणे अल्प असते. आठ दिवसांनी मिळालेला सल्ला निरुपयोगी ठरतो. ही माहिती शेतकऱ्याआधी औषधविक्रेत्यास किंवा व्यापाऱ्यास मिळाली, तर पहिला औषधाचा साठा करील आणि दुसरा पीक बुडणार हे ओळखून सौदे बांधील. येथे किमतीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. कोणाला आधी कळले, यावर नफा-तोटा ठरतो.

तिसरी गोष्ट विश्वासाची. पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय पद्धत आपल्या देशात रुजविण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे व त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी दाखवून दिले की, शेते निवडताना यदृच्छेचा नियम पाळला, तर थोड्या शेतांच्या कापणीवरून संपूर्ण जिल्ह्याचे उत्पादन विश्वासार्हपणे काढता येते. पण त्यासाठी निवडलेल्या शेतकऱ्याने आपले शेत मोकळ्या मनाने दाखविले पाहिजे. लेव्हीच्या काळात उत्पन्न कमी सांगण्याकडे लोकांचा कल असे, हे जुन्या मंडळींस आठवत असेल. सांगितलेला आकडा उद्या आपल्याच विरुद्ध वापरला जाईल अशी शंका आली, की मनुष्य खरे सांगत नाही. आपली नोंद विकली जाते असे एकदा गावात पसरले, तर चुकीचे आकडे येऊ लागतील. मग विकण्यासारखे तरी काय उरेल?

विक्रीच्या बाजूचे म्हणणे

विक्रीचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाही. माती परीक्षण प्रयोगशाळेस रसायने लागतात, उपकरणे दुरुस्त करावी लागतात, संगणकाची निगा राखावी लागते. योजना आली की निधी येतो आणि योजना संपली की संग्रह ओस पडतो, हा अनुभव नवा नाही. ग्राहक पैसे मोजतो तेव्हा तो चुकाही दाखवितो आणि त्यामुळे नोंदी सुधारतात. शिवाय मोठ्या कंपन्यांनी सार्वजनिक खर्चाची माहिती फुकट न्यावी व तिच्यावर नफा कमवावा, हेही न्याय्य वाटत नाही.

या तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. मात्र त्यांवरून मूळ माहिती विकावी असे सिद्ध होत नाही. माहितीसोबतच्या सेवेचे मोल घ्यावे एवढेच सिद्ध होते. तालुक्याची सरासरी कोणीही विनामूल्य पाहावी. पण एखाद्या कंपनीस दररोज सकाळी ठरावीक वेळी, तिच्या संगणकास मानवेल अशा रूपात, खंड न पडता माहिती हवी असेल, अथवा दहा वर्षांच्या आकड्यांचे खास तक्ते हवे असतील, तर त्या श्रमाचा पूर्ण मोबदला तिच्याकडून अवश्य घ्यावा. कालव्याच्या पाण्यावर सर्वांचा हक्क असतो. स्वतःच्या शेतापर्यंत नळ टाकून घेणाऱ्याने नळाचा खर्च द्यावा, यात कोणास अन्याय वाटत नाही.

पाळावयाची पथ्ये

माहितीसंग्रह बाहेर देण्यापूर्वी खालील पथ्ये काटेकोरपणे पाळणे इष्ट होय.

पहिले : धान्याप्रमाणे माहितीचीही प्रतवारी करावी. सर्वांस खुली, नोंदणी करून देण्याजोगी आणि राखीव अशी तीन वर्गांची कल्पना केंद्र शासनाच्या २०१२ च्या माहिती-उपलब्धता धोरणात आलेलीच आहे. प्रत्येक तक्ता यांपैकी कोणत्या वर्गात बसतो हे आधी ठरवावे व लेखी जाहीर करावे.

दुसरे : नाव, भ्रमणध्वनी, गट क्रमांक व शेताचे नेमके स्थान असलेली कोणतीही नोंद कोणत्याही किमतीस विकू नये. एखाद्या शेतकऱ्यास स्वतःची नोंद बँकेस वा कंपनीस द्यावयाची असेल तर ती त्याने स्वतःच्या संमतीने, कामापुरती द्यावी. अनुदानाच्या अर्जावर घेतलेली सही ही अशी संमती नव्हे. महाराष्ट्रात शेतकरी ओळख क्रमांक देण्याचे काम झाले असून जमीन, पीक व योजना यांच्या नोंदी त्या एका क्रमांकाशी जोडता येतात. त्यामुळे हे पथ्य पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाले आहे.

तिसरे : केवळ नाव खोडले म्हणजे माणूस लपला असे समजू नये. गावात दोनच द्राक्षबागा असतील तर गावाची सरासरी ही त्या दोघांचीच माहिती ठरते. अशा ठिकाणी गावाऐवजी मंडळाचे वा तालुक्याचे आकडे द्यावेत.

चौथे : जी माहिती बाहेर जाईल ती शेतकऱ्यास त्याआधी किंवा निदान त्याच वेळी, मराठीत व विनामूल्य मिळाली पाहिजे. कीड, हवामान व बाजारभाव यांबाबत तर हा नियम कदापि मोडू नये.

पाचवे : एकाच ग्राहकास मक्तेदारी देऊ नये. जो दर व ज्या अटी एका कंपनीस, त्याच दुसरीस असाव्यात. शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था, विद्यापीठे व विद्यार्थी यांच्याकडून नाममात्र आकार घ्यावा.

सहावे : प्रत्येक तक्त्यासोबत तो कसा तयार झाला याची टीप जोडावी. मृद आरोग्य पत्रिकेच्या आरंभीच्या फेऱ्यांत बागायत क्षेत्रात अडीच हेक्टरला व कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरला एक नमुना घेण्यात आला. एवढ्या क्षेत्रात अनेकांची शेते येतात, हे ज्यास ठाऊक नाही तो त्या एका आकड्यावरून प्रत्येकाच्या शेताविषयी चुकीचा निष्कर्ष काढील. विमा किंवा कर्ज अशा निष्कर्षावर ठरू लागले तर नुकसान शेतकऱ्याचे होईल आणि दोष खात्यास लागेल.

सातवे : सेवेपासून आलेले उत्पन्न ज्या प्रयोगशाळेने, ज्या सर्वेक्षणाने ती माहिती दिली त्याच्याच कामी लावावे व त्याचा जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध करावा. आपण दिलेल्या नमुन्यामुळे तालुक्याच्या प्रयोगशाळेत नवे उपकरण आले, हे शेतकऱ्यास दिसले तर तो पुढील नमुना अधिक काळजीने आणून देईल.

सहकारी संस्थांनीही विचार करावा

हा विषय शासकीय खात्यांपुरता मर्यादित नाही. सहकारी साखर कारखान्यांकडे प्रत्येक सभासदाच्या उसाची जात, लागणीची तारीख, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू, एकरी उतारा व तोडणीचा क्रम यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात. दूध संघांकडे जनावरांच्या, तर शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे खरेदी-विक्रीच्या नोंदी असतात. उद्या एखादी कंपनी संगणकाची यंत्रणा फुकट बसवून देण्याचे आमिष दाखवील आणि करारात, साठलेली माहिती वापरण्याचा हक्क तिच्याकडे राहील, असे एक कलम बारीक अक्षरांत घालील. सचिव व संचालक यांनी ते कलम नीट वाचावे, जाणकारास दाखवावे आणि असा हक्क देणे भाग पडत असेल तर विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. संस्थेची इमारत विकताना सभासदांस विचारले जाते. त्यांच्या शेतीची माहिती देताना न विचारणे योग्य नव्हे.

सारांश, संग्रह कुलपात ठेवणे हा त्याचा नाश आहे आणि तो पोत्याच्या भावाने विकणे हाही नाशच आहे. सर्वांच्या उपयोगाचे ते सर्वांस खुले करावे, एकट्याच्या मालकीचे ते त्याच्या संमतीवाचून हलवू नये, आणि जादा सेवेचे जादा मोल घ्यावे, ही तीन सूत्रे सांभाळली तर खात्यालाही चार पैसे मिळतील व शेतकऱ्याचा विश्वासही टिकेल. त्या दोहोंतील एकच राखता येत असेल, तर तो विश्वास राखावा. प्रयोगशाळेचा खर्च एखाद्या वर्षी अंदाजपत्रकातून भागविता येईल. मातीचा नमुना घेऊन कचेरीच्या दाराशी येणारा शेतकरी एकदा माघारी फिरला, तर त्याला परत आणण्यास मात्र एक पिढी लागेल.